मानाची कुरी

ही हकिकत सांगायची मी फार वर्षं टाळली. गावाकडची माणसं हुबळीला बाजाराला आली की गोकुळ रोडवरच्या माझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये डोकावत, बाकावर बसून चहा पीत, आणि जुन्या पेरण्यांच्या गोष्टी निघत. बोलता बोलता एक ठरावीक वर्ष जवळ आलं की मी उठून ग्राइंडर सुरू करत असे. ग्राइंडरपुढे कुणाचं काही चालत नाही. माझी बायको शैला एकदा म्हणाली, "तुमचं मशीन बरोबर वेळेला चालू होतं बघा." मला ऐकूच आलं नाही असं मी दाखवलं.

आता शेड दुसऱ्याच्या हाती आहे. मी नवनगरच्या घरात गॅलरीत बसून असतो आणि ग्राइंडर जवळ नाही. म्हणून लिहितो. गावात राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे उठून आले त्यांच्यासाठीही.

माझं गाव नवलगुंदकडच्या काळ्या जमिनीतलं. पणजोबा मिरजेकडून बैलांच्या व्यापारासाठी आले आणि जमीन घेऊन इथेच राहिले. आम्ही घरात मराठी बोलायचो, उंबऱ्याबाहेर कानडी. मी गाव सोडलं तेव्हा कुणी रडलं नाही, कारण मी गाव सोडतोय हे कुणाला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं. माझा थोरला भाऊ, अण्णा, यानं कुरीचे झिजलेले लोखंडी फण पोत्यात भरले, पोतं बसच्या टपावर चढवलं आणि मला खिडकीतून सांगितलं, "दत्तू, फण पाजळून घे आणि संध्याकाळच्या गाडीनं ये. भजी खात बसू नको."

कुरी म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं औजार. त्या दिवशी हुबळीतल्या एका वर्कशॉपमध्ये फणांना पाणी देऊन होईपर्यंत मी बाजूला उभा राहून वेल्डिंग बघत होतो. दोन लोखंडं एकमेकांत वितळतात आणि पुन्हा सुटत नाहीत, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मालकाला हाताखाली माणूस हवा होता. मी संध्याकाळी पोतं कंडक्टरच्या हवाली केलं आणि निरोप दिला की मी जरा थांबतो. ते थांबणं अजून चाललं आहे. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पोतं उतरवून घेतलं आणि घरात येऊन म्हणाले, "फण आले, पोरगं नाही आलं." ते गेले तोवर दर पेरणीला हे वाक्य म्हणत. आधी रागानं, मग सवयीनं, शेवटी हसत.

लोक समुद्रापलीकडे जातात. मी सकाळी निघालं तर न्याहारीला पोचावं एवढ्या अंतरावर गेलो. पण पेरणीच्या दिवशी हजर नसणारा माणूस आमच्याकडे परगावचाच. केशवापूरच्या भाड्याच्या खोलीत नळाला पाणी आलं की मी बादल्या भरायचो आणि मनात यायचं, तिकडे अण्णा आभाळ बघत असेल. मला आभाळ बघायचं कारण उरलं नव्हतं. पाऊस आला तर छत्री, नाही आला तर नाही.

गावात मात्र पहिल्या कुरीचा मान आमच्या घराकडे होता. परक्या मुलखातून आलेल्या घराला तो कसा मिळाला हे कुणाला नीट सांगता येत नसे. पणजोबांचा हातगुण, एवढंच म्हणत. मृगाच्या दिवशी हळदकुंकू लावलेली आमची कुरी गावातून मिरवत शेतात जाई. घरातला कर्ता माणूस पहिली मूठ सोडी आणि मग सगळं गाव पेरायला लागे. त्याआधी कुणी बी टाकलं तर वर्षभर त्याच्या शेतात कुणी कामाला जात नसे. मृग भिजत होता तोवर यात शहाणपणही होतं. सगळ्यांचं पीक एकदम उगवे, त्यामुळे पाखरं आणि कीड सगळ्यांत वाटून जात, एकट्याच्या शेतावर तुटून पडत नसत.

पुढे पाऊस वेळ चुकवू लागला. मे महिन्यातच दणकून येई, लोकांना वाटे सुरुवात झाली, आणि मृग कोरडा जाई. मग मुगाच्या शेंगा काढायच्या वेळेला आठवडाभर उघडीप देत नसे. गाव मात्र मृगालाच धरून होतं, कारण मान मृगाचा होता.

अप्पा गेले, मान अण्णाकडे आला. त्याच्या पुढच्याच वर्षी माझं स्वतःचं शेड झालं. पहिली वस्तू मी बनवली ती लोखंडी कुरी. लाकडाच्या कुरीपेक्षा हलकी, चाकावर चालणारी, बी सारखं सोडणारी. निळा रंग दिला. मनाशी ठरवलं की मानाची कुरी यंदा हीच निघेल. सगळं गाव बघेल, शेजारची गावंही बघतील, आणि मला ऑर्डरी मिळतील. हे शेवटचं मी तेव्हा कुणाला बोललो नाही.

मृगाच्या आदल्या दिवशी टेम्पोत घालून कुरी गावी नेली. मे महिन्यातल्या पावसानं जमीन वरून काळीभोर दिसत होती. अण्णानं शेतात हातानं उकरलं, खालून भुरभुरीत माती काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"हे बघ. वरनं भिजलंय, पोटात कोरडं. पेरलं तर उगवेल आणि मरेल."

"मग?"

"मग थांबायचं. मी गावाला सांगणार आहे, यंदा मृगाला कुरी नाही."

नेमका त्याच दिवशी वैनीची आई आजारी असल्याचा निरोप आला आणि दोघं धारवाडला गेले. जाताना अण्णा चप्पल घालता घालता म्हणाला, "मी येईपर्यंत कुरी काढू नको. कुणी विचारलं तर थांबा म्हणून सांग."

सकाळी माणसं दारात जमली. पुढे बसप्पा, आमचा बांधाला बांध असलेला शेजारी. जिभेनं तिखट, मनानं चांगला. निळ्या कुरीकडे बघून तो कानडीत म्हणाला, "काय दत्तोबा, मान हुबळीला गेला काय? का कुरी फक्त बघायला आणलीय?" लोक हसले. कुणीतरी चाक फिरवून बघितलं. कुणीतरी म्हणालं, चालत असेल का ही? आणि बसप्पानं विचारलं, "अण्णा काय बोलून गेलेत?"

थांबा म्हणून सांगायचं होतं. एक शब्द.

मी म्हणालो, "अण्णांनी सांगितलंय, काढा."

कुरी सुरेख चालली. ओळी दोरीनं आखल्यासारख्या. दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या कुऱ्या शेतात उतरल्या होत्या. संध्याकाळी अण्णा बसमधून उतरला, वेशीपासून घरापर्यंत पेरलेली रानं बघत आला. दारात बसप्पा होता. तो कौतुकानं म्हणाला, "तुमचा निरोप मिळाला अण्णा. पेरून टाकलं."

अण्णानं माझ्याकडे बघितलं. मी कुरीच्या चाकाकडे बघत होतो. मग त्याचा आवाज आला, "व्हय. मीच सांगितलं."

घरात गेल्यावर मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "आत बिडो." कानडीत याचा अर्थ झालं, सोड. आमच्या घरात कानडी बोललं जात नसे. तो कानडीत बोलला म्हणजे त्यानं तो विषय उंबऱ्याबाहेर टाकला.

मूग उगवला. माझ्या ओळी इतक्या सरळ होत्या की तो वाळत गेला तेही लांबून ओळीनं दिसे. आर्द्रा कोरडी गेली. गावानं पुन्हा बी आणलं, काहींच्या जमिनी तशाच पडून राहिल्या. मी तेव्हा हुबळीत होतो. अण्णा गावात होता. देवळापुढच्या बैठकीत लोकांनी आमच्या घरचा मान काढून घेतला आणि दुसऱ्या कुणालाच दिला नाही. त्यानंतर गावात कुणाचं काही फसलं की लोक म्हणत, "अण्णांचा मृग झाला." लग्न मोडलं तरी तेच, मोटार बंद पडली तरी तेच. अण्णासमोरही म्हणत. तो हसे.

इथपर्यंतचं सांगायला मला इतकी वर्षं लागली. आता पुढचं सांगतो. ते सांगायला मला अभिमान वाटतो.

मान गेल्यावर अण्णाला एक गोष्ट मिळाली: आता त्याच्यासाठी कुणी थांबलेलं नव्हतं. त्यानं आपलं शेत अंथरलेल्या पटासारखं चौकोनांत वाटून टाकलं. उंचवट्यावर एक पीक, सखल भागात दुसरं. मुगाच्या मधे मधे तूर, मटकी, तीळ आणि अंबाडीच्या ओळी. या मिश्र ओळींना आमच्याकडे अक्कडी म्हणतात. जुनीच पद्धत, पण गावानं सोडून दिली होती, कारण बाजारात एकाच मालाचा ढीग घातला की भाव करायला सोपं जातं. पावसाळ्यात मोकळ्या पडलेल्या रानात तो मातीचे चौकोन बांधी, म्हणजे पाणी जागच्या जागी मुरून शाळूला आणि हरभऱ्याला ओल राहील. बसप्पा बांधावरून ओरडे, "अण्णा, शेत करताय का सारीपाट मांडताय?" अण्णा म्हणे, "ये, एक डाव बस."

एका श्रावणात पाऊस हटेना. गावातल्या मुगाला शेंगेतच मोड आले. गंजी लावल्या तर वास सुटला. अण्णाचाही मूग गेला. पण मधली तूर उभी होती, मटकी पसरली होती, आणि चौकोनांत पाणी मुरत होतं. त्या हिवाळ्यात त्याचा शाळू असा आला की बैलगाडीवरून जाणारे लोक गाडी थांबवून बघत. बसप्पा बांध ओलांडून आला, शाळूत शिरला, आणि बराच वेळ दिसलाच नाही. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "पुढच्या वर्षी तो डाव शिकवा."

आणि अण्णानं मला बोलावलं. शेतात उभं करून म्हणाला, "मागनं चालत वेगळं बी सोडून बायकांच्या कमरा मोडतात. एकाच फेरीत चार जातीचं बी पडेल अशी कुरी कर." त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. गावातून निघाल्यापासून पहिल्यांदा.

मी दोन पेरण्यांच्या मधला सगळा काळ त्यातच घालवला. पहिली कुरी नेली ती फजितीच झाली. तिळाचं बी बारीक. कप्प्याची फट मोठी राहिली आणि सगळा तीळ शेताच्या पहिल्याच कोपऱ्यात सांडला. दोन आठवड्यांनी तिथे तिळाचं रान माजलं. अण्णा माणसं बोलावून ते दाखवी: "हे हुबळीचं तंत्रज्ञान." दुसऱ्या कुरीत तुरीचं बी चिरडून डाळ झाली. वैनीनं ती डाळ गोळा केली आणि आमटी करून मला वाढली. तिसरी चालली. एका फेरीत चार जाती, आपापल्या ओळीत, आपापल्या अंतरावर. अण्णा कुरीच्या मागे चालत शेवटापर्यंत गेला आणि तिथून त्यानं हात वर केला. मी बांधावर होतो. तेवढा आनंद मला शेडच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

कुरी गावात पसरली. मग शेततळी झाली. शाळेच्या आवारात पाऊस मोजायचं नळकांडं लागलं. धारवाडहून शेतीची शिकलेली माणसं येऊ लागली, आणि अण्णा त्यांना आधी प्रश्न विचारून, मग जेवायला घालून सोडी. फोनवर येणारा हवामानाचा अंदाज देवळापुढे मोठ्यानं वाचला जाई आणि त्यावर भांडणं होत. पण सगळ्यात मोठी गोष्ट झाली ती पूजेची. अण्णा बैठकीत म्हणाला, कुरीची पूजा सोडायची नाही, फक्त तिचा दिवस मातीला ठरवू दे. तेव्हापासून गावाच्या तिन्ही बाजूंनी माणसं वीतभर खोल उकरून माती आणतात. ती देवळाच्या कट्ट्यावर मुठीत दाबतात. गोळा धरला तर कुरी निघते. फुटला तर सगळे आपापल्या घरी जातात. ज्याच्या मातीचा गोळा पहिल्यांदा धरेल त्या घराचा त्या वर्षीचा मान. गरिबाचा असो, विधवेचा असो.

दोन वर्षांपूर्वी त्याची खरी परीक्षा झाली. मे महिन्यात पाऊस आला, शेजारच्या गावांनी घाईनं पेरलं. आमच्याकडे मृगात माती आणली, फुटली. पुन्हा आणली, फुटली. शेजारची रानं हिरवी झाली तेव्हा तरुण पोरं कट्ट्यावर कुरकुरायला लागली. अण्णा काठी टेकत आला आणि कट्ट्यावर बसला. बसप्पाच त्यांच्यावर ओरडला, "हिरवं बघून भुलू नका रे. मी एकदा भुललोय." तिकडची हिरवळ पिवळी पडली. आर्द्रा संपता संपता एका संध्याकाळी बसप्पाच्या सुनेनं सखल रानातून माती आणली, मुठीत दाबली, मूठ उघडली. गोळा तसाच होता. तिनं तो कट्ट्यावर ठेवला आणि कुणी हात लावू नये म्हणून जवळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सगळं गाव शेतात होतं. आम्ही एकदाच पेरलं. पुढे पावसानं झोडपलं, मग ओढ दिली, काही पिकं गेली, पण घरात धान्य आलं नाही असं एकही घर नव्हतं. मूग गेला तिथे तुरीनं दिलं, तूर बसली तिथे हरभऱ्यानं. शिवारातून फिरताना मला वाटलं, हे गाव आता पावसाला घाबरत नाही. त्याच्याशी बोलून घेतं.

सुगीनंतर देवळापुढे मंडप घातला. आसपासच्या गावांची माणसं शिकायला आली होती. मला हुबळीहून बोलावलं, शाल घातली. बसप्पानं माइक हातात घेतला आणि चांगल्या मनानं म्हणाला, "अण्णांच्या हातून एकदा चूक झाली, पण त्यांच्या भावानं कुरी देऊन ती भरून काढली."

टाळ्या पडल्या. अण्णा पहिल्या रांगेत होता. तोही टाळ्या वाजवत होता, काठी गुडघ्यांत धरून. माइक माझ्या हातात आला. मी सगळ्यांचे आभार मानले, लोखंडाबद्दल बोललो, आणि खाली बसलो.

पहिल्यांदा गप्प बसलो तेव्हा मी तरुण होतो, घाबरलो होतो. या वेळी मला कशाची भीती होती? त्यानंतर प्रत्येक खेपेला मी बसमध्ये वाक्य जुळवून जाई. अण्णा खाटेवर असे. मी म्हणे, "अण्णा, त्या सकाळचं..." आणि तो हात हलवून म्हणे, "आत बिडो. चहा घेतलास का?" मी चहा घेई आणि ज्वारीची पिशवी घेऊन परत येई. गेल्या थंडीत तो गेला.

तेराव्यानंतर मी वैनीजवळ बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ती सुपातले तांदूळ निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "मला त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. मी भांडले होते, कशाला अंगावर घेता म्हणून. ते म्हणाले, दत्तूचं शेड नवं आहे. गावानं जर म्हटलं दत्तूच्या कुरीनं घात केला, तर त्याचं लोखंड कोण घेणार?" सूप खाली ठेवून म्हणाली, "भावजी, तुम्ही बोलला असता तर त्यांना आवडलं असतं. पण त्यांनी वाट बघितली नाही हो. तेवढं खरं."

म्हणजे माझं शेड, केशवापूरची खोली सोडून नवनगरला बांधलेलं घर, ही गॅलरी, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे: व्हय, मीच सांगितलं.

यंदा माती दाबायच्या दिवशी मी गावी जाणार आहे. कट्ट्यावर उभा राहून सगळ्यांसमोर, बसप्पासमोर, सांगणार आहे की तो मृग अण्णाचा नव्हता, माझा होता. ते कानडीत सांगेन. गावाचं आणि माझं बोलणं कानडीतलं.

घर म्हणजे काय, असं हल्ली मुलं फोनवर विचारतात, बेंगळूरहून, पुण्याहून. त्यांना हुबळी घर वाटते. मला इतकी वर्षं वाटत होतं की माझं घर त्या काळ्या जमिनीत आहे. आता वाटतं, उंबऱ्याच्या आत जे मराठी बोलणं होतं, तेच माझं घर. अप्पा गेले, अण्णा गेला. त्या गावात ती भाषा बोलायला आता एकटी वैनी उरली आहे. गावाला सांगायचं ते मी गावाच्या भाषेत सांगेन. हे मात्र घरातलं आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो. आता मधे बोलायला तू नाहीस.

अण्णा, तू थांब म्हणाला होतास. मी थांबलो नाही, आणि वर तुझं नाव सांगितलं. चुकलं माझं.